आजोबांची जीप काचेत बंद करू नका, आणि मोठी एसयूव्ही घेण्याआधी वापर तपासा

प्रश्न चोपडा तालुक्यातल्या एका केळी बागायतदार भावाचा आहे. थोडक्यात असा: आजोबांची १९६८ ची महिंद्रा सीजे-३बी पेट्रोल जीप आणि वडिलांची १९८५ ची प्रीमियर पद्मिनी मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये दहा-बारा वर्षांपासून उभ्या आहेत. हायवेला घरचं हॉटेल आणि लॉन्स उभं राहतंय. दोन्ही गाड्या नव्याने रंगवून, इंजिनाच्या भानगडीत न पडता, हॉटेलच्या दर्शनी भागात काचेच्या दालनात कायमच्या मांडायच्या. सोबत घरासाठी मोठी एसयूव्ही घ्यायची आहे: फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ-एन की सफारी? पैसे कमी पडले तर जुनी फॉर्च्युनर घ्यावी का?

भाऊ, जुन्या गाड्यांचं आधी बोलतो, कारण तिथे तुमचा बेत बदलायला हवा. धुळ्याला माझं गॅरेज आहे. हात बसला तो जीप, पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसेडरवर. आता दारात येतात त्यातल्या बऱ्याच गाड्या मोठ्या एसयूव्ही असतात. जुनी गाडी जपायची तर ती चालती ठेवावी लागते, हे माझं ठाम मत आहे. सारंगखेड्याच्या यात्रेत जाणकार माणूस घोड्याचा रंग शेवटी बघतो, आधी त्याला चालवून बघतो; दावणीला बांधून ठेवलेलं जनावर आखडतं हे त्याला ठाऊक असतं. गाडीचंही तेच. उभ्या गाडीत ब्रेकचे सिलिंडर जाम होतात, क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटते, टाकीत पेट्रोलचा डिंक होतो, सिलिंडरमध्ये पिस्टनच्या रिंगा गंजून धरतात. बाहेरचा रंग कितीही चकचकीत असो, आतून गाडी संपत जाते आणि मग एक दिवस ती दुरुस्तीच्या पलीकडे गेलेली असते.

आपल्या भागाचं एक बरं आहे. मुंबईची गाडी पत्र्याने मरते, खानदेशची रबराने. तिकडे खारी हवा मडगार्ड आणि तळाचा पत्रा खाते. आपल्याकडे हवा कोरडी, त्यामुळे चाळीस-पन्नास वर्षांच्या गाडीचाही मूळ पत्रा शाबूत सापडतो. पण मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त तापतं. त्या तापाने काचेची रबरं, ब्रेकचे वॉशर, पेट्रोलचे पाइप, वायरिंगचं वेष्टण, सीटचं रेक्झिन सगळं कडक होऊन तडकतं. म्हणून तुमच्या गाड्या दिसायला ठीक वाटल्या तरी रबराचा एकही तुकडा जुना ठेवायचा नाही, असं धरूनच चाला.

एक गोष्ट आजच जाऊन बघा: त्या शेडमध्ये खताच्या गोण्या आहेत का? केळीला पोटॅश भरपूर लागतं आणि बहुतेकांच्या शेडमध्ये त्याच्या थप्प्या असतात. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. पावसाळ्यात ते ओल धरतं आणि ती क्लोराइडची ओल पत्रा मिठासारखीच खाते. कोरड्या खानदेशातल्या गाडीला मुंबईचा गंज लागतो तो असा. गोण्या हलवा, खालची जमीन झाडून घ्या आणि ज्या बाजूला थप्पी होती त्या बाजूचा चेसिस तारेच्या ब्रशने घासून पाहा. सरकी किंवा धान्यही तिथेच असेल तर उंदरांनी वायरिंग कुरतडलेलंच असणार. अशा वायरिंगला बॅटरी जोडून बघण्याचा मोह टाळा. दहा-बारा वर्षांनी पहिल्यांदा करंट सोडताना गाडीला आग लागू शकते.

आता इंजिन. सगळ्यात महत्त्वाची सूचना: जीपला ट्रॅक्टरने दोर बांधून, गिअरमध्ये टाकून ओढू नका. गावाकडे पहिला उपाय हाच होतो आणि चांगली इंजिनं त्यातच जातात. सीजे-३बीचं हरिकेन इंजिन २१९९ सीसीचं, चार सिलिंडरचं, आणि त्याची रचना वेगळी आहे. इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतात, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. या रचनेला एफ-हेड म्हणतात. या इंजिनाची उंची विलिस या मूळ अमेरिकन जीप कंपनीच्या जुन्या इंजिनापेक्षा जास्त झाली, म्हणूनच सीजे-३बीचं बोनेट आधीच्या जीपपेक्षा उंच, चौकोनी दिसतं. वर्षानुवर्षं उभ्या इंजिनात ब्लॉकमधले एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गाइडमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीत, गंजून धरतात. जोर लावून फिरवलं तर ते उघडेच अडकून बसतात आणि कॉम्प्रेशन जातं. वरचा इनटेक अडकला तर पुश-रॉड वाकतो. रिंग सिलिंडरला धरलेली असली तर ती तुटून सिलिंडरवर ओरखडे काढते.

काम सावकाश करायचं. चारही प्लग काढा. प्रत्येक भोकातून दोन-तीन चमचे पातळ ऑइल सोडा आणि चार-पाच दिवस गाडीला हात लावू नका, अधूनमधून थोडं ऑइल पुन्हा सोडा. तोवर बाजूचं टॅपेट कव्हर उघडून एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांकडे टॉर्च मारून बघा आणि गाइडच्या तोंडाशी गंज सोडवणारं ऑइल फवारा. मग प्लग काढलेलेच ठेवून, पुढच्या हँडलने इंजिन हाताने फिरवा. हँडल मऊपणे, कुठेही न अडखळता पूर्ण दोन फेरे फिरलं पाहिजे, कारण दोन फेऱ्यांत सगळे व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटतात. अडखळलं तर तिथेच थांबा, पुन्हा ऑइल सोडा. अंगठा हँडलवरून वळवून पकडू नका, बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवा. उलटा झटका बसला तर अंगठा जातो.

इंजिन मोकळं झालं की जुनं ऑइल काढा, ऑइलचं चेंबर खाली उतरवून तळाचा गाळ पुसा. साधं मिनरल २०डब्ल्यू-५० ऑइल भरा. महागडं पातळ सिंथेटिक या इंजिनांना नको, ते जुन्या पॅकिंगमधून गळतं. जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. ती काढून आतून धुवायलाच हवी. कार्बोरेटर पूर्ण उघडून जेट साफ करा, इंधन पंपाचा पडदा नवा घाला. हल्ली पंपावर येणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, त्याने जुनी लोखंडी टाकी आतून गंजते आणि पडदा व पाइप यांचं जुन्या काळचं रबर फुगून मऊ पडतं. म्हणून पाइप इथेनॉलला टिकणारे मागून घ्या आणि टाकीत पेट्रोल महिनोन्‌महिने पडू देऊ नका. इलेक्ट्रिकल सहा व्होल्टचं आहे की बारा, हे डायनमो आणि बल्ब पाहून आधी ठरवा, मगच बॅटरी आणा. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट घासून गॅप लावा. या इंजिनाला वीस हजारांश इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पडायचा क्रम, १-३-४-२. आणि पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा शेजारी आग विझवायचं सिलिंडर भरलेलं हवं, ऑइल प्रेशरच्या काट्यावर एका माणसाची नजर हवी.

पद्मिनीचं काम त्यामानाने सोपं. १०८९ सीसीचं फियाटचं इंजिन, सगळे व्हॉल्व्ह हेडमध्ये, स्पेअरही अजून मिळतात. पण चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि व्हील सिलिंडर नक्की जाम असणार. मास्टर सिलिंडरपासून सगळं नवं करा, ब्रेकचे लोखंडी पाइपही बदला. इंजिन सुरू झालं म्हणून आनंदाने अंगणातून बाहेर काढलेली आणि मग न थांबलेली गाडी फार वाईट. ब्रेक आधी, इंजिन नंतर.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालू नका. आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड असतं, त्याचा पांढरा थर वॉटर जॅकेटमध्ये बसतो आणि मे महिन्यात गाडी उकळायला लागते. कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, दुसरं काही नको.

आता मांडणीकडे येऊ. दर महिन्याला प्रत्येक गाडी वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर चालली पाहिजे. जागेवर पाच मिनिटं सुरू करून बंद करणं हे अजिबात न सुरू करण्यापेक्षा वाईट आहे. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. इंजिन आणि सायलेन्सर पुरते तापले नाहीत तर ती वाफ आत पाणी होऊन बसते, ऑइलमध्ये उतरते आणि गंज लावते. नीट तापलेल्या इंजिनात तीच ओल उडून जाते. शिवाय चालवताना क्लच, गिअर, ब्रेक, टायर सगळ्यांची हालचाल होते. म्हणून दालनाला काचेची कायमची भिंत बांधू नका. समोर रुंद दार आणि बाहेर उतार ठेवा. एक माणूस दहा मिनिटांत गाडी बाहेर काढू शकेल अशी सोय हवी. ती सोय नसेल तर सुरुवातीचे दोन महिने उत्साह राहील, मग गाडी हलणार नाही.

जागा शक्यतो उत्तरेकडे तोंड करून घ्या. पश्चिमेच्या काचेतून दुपारनंतरचं ऊन आत येतं, आतली हवा कोंडून तापते, आणि डॅशबोर्ड नि स्टिअरिंगला तडे जातात. वर नुसता पत्रा टाकू नका; पत्र्याखाली फॉल्स सीलिंग आणि मध्ये हवा खेळायला फट ठेवा. जमिनीबद्दल तुमच्या काँट्रॅक्टरला बजावून सांगा: काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, तिच्यावर थेट ओतलेलं काँक्रीट तडकतं आणि चौथरा कलतो. काळी माती खोदून काढून चांगला मुरूम दाबून भरा, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद आणि मग काँक्रीट. कागदामुळे खालची ओल वर येत नाही. गाडीच्या तळाला गंज लागतो तो बहुतेक वेळा या ओलीमुळे.

उन्हाळ्यातले दोन महिने कुणाकडून फिरवणं होणारच नसेल, तर गाडी ठोकळ्यांवर चढवा, पण जॅकचे स्टँड अ‍ॅक्सलखाली लावा, चेसिसखाली नाही. चेसिसवर उचलली की स्प्रिंगचे पाटे लटकतात आणि बुशांवर उलटा ताण येतो. पद्मिनीला पुढे कॉइल स्प्रिंग आहेत, तिथे खालच्या आर्मखाली आधार द्या. बॅटरीची तार काढून ठेवा. हॉटेलात लोकांची वर्दळ असणार, मुलं सीटवर चढणार, कुणी बिडी ओढत जवळ येणार; म्हणून टाकीत दोन-तीन लिटरच पेट्रोल असावं. कव्हर घालायचं तर सुती. प्लास्टिकखाली घाम धरतो.

रंगाच्या बाबतीत कळकळीने सांगतो. मूळ रंग जिथे टिकला आहे तिथे तो राहू द्या. पॉलिश करा, खरचटलेली जागा भरा, पण पत्र्यावर लांबीचे (पुट्टीचे) थर चढवून आरशासारखी गाडी करू नका. आजोबांच्या हाताने झिजलेलं स्टिअरिंग, जीपच्या मागच्या फळीवर पडलेले केळीच्या घडांचे वण, हीच तुमच्या गाडीची ओळख आहे. विकत घेतलेल्या गाडीला ती कधीच येत नाही. जीपला अ‍ॅलॉय व्हील, रुंद टायर, एलईडीची पट्टी, कर्णकर्कश हॉर्न लावायचा आग्रह मित्रमंडळी करतील. तो मानू नका. सोळा इंची अरुंद टायर, कॅनव्हासचं हूड, पद्मिनीचा स्टिअरिंगजवळचा गिअर हे जसंच्या तसं ठेवा.

गाडीशेजारी एक पाटी लावा, आणि त्यावर खरी माहिती लिहा. महिंद्राने १९४५ साली सुरुवात करून १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलिसची जीप भारतात जुळवायला घेतली. सीजे-३बी अमेरिकेत विलिसने १९५३ साली आणली आणि तिकडे बंद झाल्यावरही महिंद्रा ती घडवत राहिली. पद्मिनीचं मूळ इटलीच्या फियाट ११०० मध्ये. वालचंद हिराचंद यांच्या समूहाच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती कुर्ल्याच्या कारखान्यात घडवली आणि १९७० च्या दशकात तिला पद्मिनी हे नाव दिलं. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, म्हणजे तुमची १९८५ ची पद्मिनी मारुतीच्या लाटेतही कुणीतरी हट्टाने घेतलेली गाडी आहे. वडिलांना विचारा, त्यांनी ती का घेतली. त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत पाटीवर घाला.

मांडणी कशी असते हे पाहायचं असेल तर सुरतमार्गे अहमदाबादला जा. कठवाड्याला प्राणलाल भोगीलाल यांच्या संग्रहाचं ऑटो वर्ल्ड आहे. राजेरजवाड्यांच्या गाड्या एका छताखाली बघायला मिळतात. त्यांच्या टायरांखाली काय घातलंय, उजेड कुठून येतो, दोन गाड्यांत अंतर किती, हे बारकाईने पाहून या.

कागदपत्रांचं. ५० वर्षांवरच्या, मूळ स्वरूपातल्या खासगी दुचाकी-चारचाकींना २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंतर नूतनीकरणाला ५,००० रुपये. नव्याने नोंदवलेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, पण आधी नोंदणी झालेली असेल तर मूळ नंबर ठेवता येतो. मूळ नंबर सोडू नका. मात्र एक अट नीट समजून घ्या: व्हिंटेज नोंदणी झालेली गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही; प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, देखभाल-दुरुस्ती एवढ्यासाठीच. जीप मळ्यात फिरवायची इच्छा असेल, किंवा लॉन्सवर नवरदेवाला जीपमधून आणायचं भाडं घ्यायचा विचार असेल, तर व्हिंटेजच्या वाटेला जाऊ नका. पद्मिनी १९८५ ची, तिला अजून ५० वर्षं झालेली नाहीत. तिची नेहमीसारखी दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर. २० वर्षांवरच्या मोटारीची पुनर्नोंदणी फी २०२५ मध्ये १०,००० रुपये झाली आहे, ती हिशोबात धरा. जीप आजोबांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील तर आधी वारसाच्या नावावर करा, त्यासाठी फॉर्म ३१ लागतो. हे काम रंगकामाच्या आधीचं आहे. कागद नीट नसलेल्या गाडीवर लाखभर रुपये घालू नका.

आता एसयूव्ही. इथे तुमच्याच जीपपासून सुरुवात करतो, कारण फॉर्च्युनर आणि स्कॉर्पिओ-एनची हाडं तीच आहेत: खाली स्वतंत्र चेसिस, त्यावर बोल्टांनी बसवलेली बॉडी. सफारी आणि महिंद्राची एक्सयूव्ही ७०० (२०२६ पासून तिचं नाव एक्सयूव्ही ७एक्सओ) तशा नाहीत. त्यांच्यात बॉडी आणि चेसिस एकच, म्हणजे मोनोकॉक. मोनोकॉक गाडी डांबरी रस्त्यावर जास्त स्थिर आणि आरामशीर, वळणावर कमी झुकते. चेसिसची गाडी खड्डे, दगड, ओव्हरलोड सहन करते, पण मागे बसणाऱ्याला उसळवते. सफारीला फक्त पुढच्या चाकांना ताकद मिळते, फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देण्याची सोय, तिच्यात नाहीच. म्हणून मळ्याचा रस्ता हा खरा निकष असेल तर सफारी तिथेच बाद होते. महिन्यातून चार वेळा कुटुंबासह नाशिक-मुंबई-सुरत हाच वापर असेल, तर मात्र मी सफारी किंवा एक्सयूव्ही ७०० आधी पाहीन.

काळ्या मातीबद्दल कुणी शोरूममध्ये खरं सांगत नाही, म्हणून सांगतो. जुलैत पाटाच्या कडेच्या कच्च्या रस्त्यावर दोन टनांहून जड फॉर्च्युनर, कंपनीच्या हायवे टायरांवर, फोर-बाय-फोर लावूनही रुतते. टायरच्या खाचा दोन फेऱ्यांत चिकण मातीने भरतात आणि टायर गुळगुळीत होतो. मग चारही चाकं एकदम घसरतात एवढंच. तुमची टनाच्या आसपासची जीप अरुंद टायरांवर तिथून निघून जाते, कारण वजन कमी आणि टायर चिखल कापून खालच्या घट्ट थरापर्यंत पोचतो. मळ्यासाठी मोठी गाडी हवी असेल तर फोर-बाय-फोरइतकंच टायरचं बजेट ठेवा, ऑल-टेरेन टायर घ्या, लो गिअर (फोर-बाय-फोरचा कमी वेगाचा, जास्त जोराचा गिअर) चिखलात शिरण्याआधी लावा, रुतल्यावर नाही. आणि मुसळधार पावसानंतर दोन दिवस मळ्यात ट्रॅक्टरनेच जा.

डिझेल घेणार असाल तर आधी रोजचं अंतर मोजा. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना डीपीएफ असतो, सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला फिल्टर. तो काजळी अडवतो आणि ठरावीक काळाने साधारण ६०० अंशांवर ती जाळून टाकतो. त्यासाठी गाडी सलग पंधरा-वीस मिनिटं चांगल्या वेगात चालावी लागते. घर ते दुकान, दुकान ते कापसाचं जिन, जिन ते बाजार समिती असे तीन-तीन किलोमीटरचे हेलपाटे घालणाऱ्या गाडीत हे जाळणं दर वेळी अर्धवट राहतं. दिवा लागतो, मालक दुर्लक्ष करतो, मग गाडी ताकद देत नाही आणि बिल मोठं येतं. दिवा लागला की त्याच दिवशी हायवेला चढा, गिअर एक खाली ठेवून चाळीसेक किलोमीटर जाऊन या. तुमचा वापर बहुतांश गावातलाच असेल तर पेट्रोल घ्या. पण लक्षात असू द्या, स्कॉर्पिओ-एनमध्ये फोर-बाय-फोर फक्त डिझेलला मिळतं, आणि फॉर्च्युनरचं २.७ लिटर पेट्रोल फक्त मागच्या चाकांवर चालतं.

ट्रायल मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, उन्हात तासभर उभी ठेवलेली गाडी घेऊन करा. आईला किंवा काकूला तिसऱ्या रांगेत बसवा आणि किती मिनिटांत गार वाटतं ते विचारा. स्कॉर्पिओ-एनची तिसरी रांग मोठ्यांना अडचणीची आहे आणि ती उघडली की सामानाला जागा उरत नाही. सात माणसं नेहमी जाणार असतील तर हा मोठा दोष समजा. मोठ्या सनरूफसाठी जादा पैसे देऊ नका, आपल्या उन्हात वर्षातले कितीतरी महिने तो पडद्याआडच राहतो. रंग पांढरा किंवा चंदेरी घ्या. आणि दाराचं माप घ्या: फॉर्च्युनर ४.८ मीटर लांब, स्कॉर्पिओ-एन आरसे सोडून १.९ मीटर रुंद. वाड्याच्या गल्लीत आणि जळगावच्या फुले मार्केटच्या गर्दीत रोज जाणारं कुणी घरात असेल तर ते माप महत्त्वाचं ठरतं.

देखभालीची एकच खास आपल्याकडची गोष्ट. कापूस वेचणीपासून जिन चालू असेपर्यंत हवेत तंतू उडतात. ते एसी कंडेन्सर आणि रेडिएटरच्या जाळीत बसतात, वर धूळ चिकटते आणि थंडीत काही कळत नाही. मार्च संपताना एसी मार खायला लागतो, लोक गॅस भरून घेतात आणि फरक पडत नाही. होळीच्या सुमारास पुढचा बंपर सैल करून, आतून बाहेर अशा दिशेने, साध्या पाण्याच्या धारेने जाळी धुवा. सर्व्हिसिंग सेंटरच्या प्रेशर गनने थेट मारलं तर जाळीचे पातळ पत्रे चपटे होतात.

जुनी फॉर्च्युनर घ्यावी का? घ्यावी, पण डोळे उघडे ठेवून. २००९ ते २०१६ ची पहिली पिढी असेल तर मजबूत गाडी आहे. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेलवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. तिथली एनओसी, इथला कर आणि नवी नोंदणी सगळं धरून भाव बघा, मग स्वस्ताई बरीच उतरते. ताफ्यात पळालेली गाडी ओळखायची तर ब्रेक पेडलचं रबर, ड्रायव्हरच्या सीटची कड आणि मागच्या दाराचं हँडल बघा. किलोमीटर कमी दाखवत असेल आणि हे तिन्ही झिजलेले असतील तर उठून या. फोर-बाय-फोरचा लो गिअर प्रत्यक्ष लावून, मातीवर पन्नास फूट पुढे-मागे चालवा. अनेक मालकांनी तो कधी वापरलेलाच नसतो आणि तो अडकलेला निघतो. गाडी लिफ्टवर चढवून चेसिसवर वेल्डिंगची खूण आहे का ते बोट फिरवून तपासा.

तुमची गरज मी वाचली त्यावरून माझं मत: नवी स्कॉर्पिओ-एन डिझेल फोर-बाय-फोर घ्या, ऑल-टेरेन टायर टाका. फॉर्च्युनर आणि तिच्या किमतीत जो फरक राहतो त्यातून दोन्ही जुन्या गाड्यांचं काम आरामात होईल. तिसरी रांग रोज लागणार असेल तर हा सल्ला बाजूला ठेवा आणि आधी एक्सयूव्ही ७०० बघा. गाडी हॉटेलच्या कंपनीच्या नावावर घेण्याचा सल्ला तुमचे सीए देतील, तेव्हा त्यांना विचारा की महाराष्ट्रात कंपनीच्या नावावरच्या मोटारीला एकवेळचा कर २० टक्के लागतो, आणि २० लाखांवरची डिझेल स्वतःच्या नावावर घेतली तर १५ टक्के. घसाऱ्यातून मिळणारा फायदा त्या फरकापेक्षा जास्त आहे का, हे आकडे मांडून ठरवा.

जीपचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकशी जुळतो का ते या आठवड्यात पाहून घ्या. इंजिनावर नंबर दिसत नसेल तर ग्रीसखाली दडलेला असतो, डिझेलने पुसा, घासू नका. नंबर जुळला की प्लग काढून ऑइल सोडा आणि चार दिवसांनी हँडल फिरवून मला कळवा, किती फिरलं ते.